डाग खाली, गळती वर: इंजिन ऑइलचं लीकेज शोधून बंद करण्याची रीत

पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर काळा डाग दिसला की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर डागावर पुठ्ठा सरकवून विषय मिटवतात, नाहीतर गॅरेजला जाऊन ‘पॅकिंग बदलून टाका’ सांगतात. कुठलं पॅकिंग, हे गाडीवाल्याला माहीत नसतं आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी फिटरलाही नसतं. इंजिन काळंकुट्ट, चिकट, त्यावर धुळीचा थर. जिथे ओल जास्त दिसते तिथलं सील बदललं जातं, बिल होतं आणि पंधरा दिवसांनी डाग पुन्हा हजर.

माझ्या मेव्हण्याच्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकला एका गॅरेजने ‘क्लच साइडचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असं सांगितलं होतं. आम्ही शनिवारी इंजिन धुतलं आणि रविवारी सकाळी कात्रजचा जुना घाट चढून आलो. गळत होता अंगठ्याएवढा ऑइल प्रेशर स्विच. त्याचं तेल इंजिनच्या ब्लॉकवरून ओघळत मागे जायचं आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात साचून तिथून ठिबकायचं. स्विच बदलायला अर्धा तास लागला.

तेल दोनच दिशांनी जातं: खाली, आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे. त्यामुळे थेंब पडतो ती जागा गळतीची असण्याची शक्यता कमीच. म्हणून क्रम असा: ओळखा, धुवा, चालवा, वरून खाली बघा, आणि मगच पाना हातात घ्या. धुणं ही पायरी सगळे वगळतात आणि तिथेच फसतात.

गाडी वॉरंटीत असेल तर पहिल्या पायरीनंतर थांबा आणि सर्व्हिस सेंटरला न्या. स्वतः खोलाखोली केलीत तर नंतर वाद घालावा लागेल.

पायरी १: ते इंजिन ऑइलच आहे का?

कुरिअरचा मोठा खोका फाडून सपाट करा आणि रात्री गाडीखाली सरकवा, पुढच्या बंपरपासून पुढच्या चाकांच्या थोडं मागेपर्यंत. दोन्ही चाकं कुठे आहेत आणि ड्रायव्हरची बाजू कुठली, हे पेनाने पुठ्ठ्यावर लिहा. तारीखही टाका. सकाळी तो पुठ्ठा म्हणजे तुमचा नकाशा.

रंग बघा, बोटांत चोळा, वास घ्या. नितळ पाणी असेल तर ते एसीचं, सोडून द्या. हिरवा, गुलाबी किंवा निळसर, पाण्यासारखा पातळ आणि किंचित गोडसर वासाचा द्रव म्हणजे कूलंट. तो विषारी असतो, कुत्र्या-मांजरांनी चाटू नये म्हणून लगेच पुसा. लालसर तेल ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा जुन्या हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचं. दाट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर मॅन्युअल गिअरबॉक्सचं. फिकट, पातळ, बोटांवरून सटासट घसरणारं आणि चाकाच्या आतल्या बाजूला सापडलेलं असेल तर ते बहुधा ब्रेक ऑइल. मग हा लेख बाजूला ठेवा आणि गाडी हलवू नका.

मधासारख्या तपकिरीपासून काळ्यापर्यंत काहीही असेल आणि बोटांत तेलकट दाटपणा लागत असेल तर ते इंजिन ऑइल. डिझेल गाडीत ते बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, रंगावरून घाबरू नका.

आता डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची पट्टी. सकाळी, थंड इंजिनवर, सपाट जागेवर. बेसमेंट पार्किंगचा उतार डोळ्याला जाणवत नाही पण डिपस्टिकला जाणवतो, म्हणून दर वेळी एकाच जागी मोजा. बहुतेक छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. पातळी आणि किलोमीटर मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर आधी जादा तेल काढून घ्या. जास्त भरलेलं तेलही सीलमधून वाट शोधतं. आणि पातळी घटतेय पण खाली थेंबच नाही, तर तेल बहुधा आतच जळतंय. ते दुखणं वेगळं.

*थांबा:* डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला तर तिथल्या तिथे गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. ‘घर दोन किलोमीटरवर तर आहे’ म्हणून चालवलेल्या दोन किलोमीटरमध्ये बेअरिंग जातात. तसंच बॉनेटमधून धूर किंवा करपल्याचा वास येत असेल तर तेल गरम एक्झॉस्टवर पडतंय. तिथे आगीचा धोका असतो, ते काम पुढच्या रविवारवर ढकलू नका.

पायरी २: सामान आणि जागा

सगळं आधी गोळा करा. निम्मं काम उघडून ठेवल्यावर पार्टसाठी धावपळ करण्यात घोळ होतात. रविवारी काम करायचं असेल तर पार्ट शनिवारीच आणा. पुण्यात नाना पेठेत जवळपास सगळं मिळतं, पण दुकानदाराला नुसतं ‘अमुक गाडीचं टॅपेट कव्हर (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण) पॅकिंग’ सांगू नका. एकाच नावाच्या गाडीत चार वर्षांत तीन इंजिनं येऊन गेलेली असतात. आरसी बुकाचा फोटो, चासी नंबर आणि जमलं तर जुन्या पार्टवरचा नंबर न्या.

लागेल ते हे: गोटी पाने (सॉकेट) आणि लांब एक्स्टेन्शन, त्यातली दहाची गोटी दोन, कारण एक इंजिनखाली पडून गायब होते, टॉर्क पाना (बोल्ट मोजून-मापून आवळणारा), चांगला टॉर्च, छोटा आरसा, डीग्रीझर आणि ब्रेक क्लीनरचा एकेक स्प्रे, जुना टूथब्रश, प्लॅस्टिकची खरवडणी, धागे न सुटणारं कापड, नायट्राइल हातमोजे, पसरट घमेलं, आणि साधी टाल्कम पावडर. टॉर्क पाना विकत घ्यायचा नसेल तर कुणाकडून मागून आणा, पण त्याच्याशिवाय टॅपेट कव्हरला हात लावू नका. का ते पुढे सांगतो.

कॉटन वेस्ट बाहेरचं पुसायला ठीक. उघड्या इंजिनच्या आसपास ते नको. त्याचे धागे तेलाच्या वाटेत जाऊन बसतात.

गाडीखाली जायचं असेल तर सपाट, पक्क्या जमिनीवर, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना लाकडी पाचर लावून आणि जॅक स्टँडवरच. गाडीसोबत येणारा कात्री जॅक टायर बदलण्यापुरता असतो. विटांचा ढीग हा तर स्टँडचा पर्याय नव्हेच, वीट वजनाने एकदम फुटते.

पायरी ३: इंजिन धुणं

इंजिन हाताला कोमट लागेल इतकं निवू द्या. गरम ॲल्युमिनियमवर गार पाणी नको आणि गरम एक्झॉस्टवर स्प्रे तर नकोच. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, इग्निशन कॉइल, एअर फिल्टरचं तोंड आणि उघडे कनेक्टर यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक घट्ट बसलेत ना, बघा.

डीग्रीझर वरून खाली मारा, दहा मिनिटं मुरू द्या, ब्रशने घासा, ओल्या कापडाने पुसा, मग मगातून हळूहळू पाणी सोडा. सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर गनची गरज नाही. तिने पाणी नको तिथे शिरतं आणि मग गाडी सुरूच होत नाही अशी नवी कटकट मागे लागते. शेवटी ज्या सांध्यांवर संशय आहे तिथे ब्रेक क्लीनर मारून कोरडं करा.

खालचं प्लॅस्टिक कव्हर असेल तर तेही काढून धुवा. ही गोष्ट हमखास विसरली जाते. त्या कव्हरच्या खोलगट भागात पावभर जुनं तेल साचलेलं असू शकतं आणि गळती बंद झाल्यावरही ते आठवडाभर ठिबकत राहतं. शिवाय ते थेंबाची जागा हात-दीड हात मागे ढकलतं. तपासणी संपेपर्यंत कव्हर काढलेलंच ठेवा.

*एक सामान्य चूक:* जुन्या गॅरेजांत इंजिन डिझेल किंवा रॉकेलचा फवारा मारून धुतात. चकाचक दिसतं, पण पृष्ठभागावर डिझेलचीच तेलकट ओल राहते आणि दुसऱ्या दिवशी अख्खं इंजिन गळतंय असं वाटतं. रबराच्या पाइपांनाही ते चांगलं नाही. निदानासाठी धुताय तर डिझेल नको म्हणून स्पष्ट सांगा.

पावसाळ्यात हे काम करायचं तर दोन-तीन कोरडे दिवस गाठा. रस्त्यावरचं चिखलपाणी खालून उडालं की धुतलेलं सगळं वाया.

पायरी ४: गाडी चालवा, मग बघा

पिशव्या काढल्या ना, हे दोनदा बघा. बॅटरी जोडा, इंजिन सुरू करून दहा मिनिटं जागेवर चालू द्या आणि टॉर्च मारून पाहा. मोठी गळती इथेच दिसते.

दिसली नाही तर संशयित सांध्यांखाली टाल्कम पावडरचा पातळ थर मारा. पट्टे आणि पंख्यापासून लांब. मग वीस-तीस किलोमीटर फिरून या. नुसतं कोथरूड ते डेक्कन सिग्नलला थांबत जाण्यात अर्थ नाही. तेल पूर्ण तापायला हवं, इंजिनवर चढाचा भार यायला हवा. कात्रजचा जुना घाट किंवा पिरंगुटचा घाट त्यासाठी योग्य. परत आल्यावर सपाट जागी उभी करा, पंधरा मिनिटं थांबा, मग बॉनेट उघडा.

आता बघायचं ते *सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं* ओलं ठिकाण. पांढऱ्या पावडरीत तेलाची बारीक काळी रेघ उठलेली दिसते. खालून वर तिचा माग काढा, ती जिथे संपते तिथे गळती. डोळा पोचत नाही तिथे आरसा, नाहीतर मोबाइलचा फ्लॅश लावून व्हिडिओ काढा. ब्लॉकच्या मागच्या बाजूचं, फायरवॉलकडचं (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडचं) चित्र याशिवाय दिसतच नाही.

पहिल्या फेरीत काही सापडलं नाही तर रोजच्या वापरात दोन दिवस चालवा आणि रोज बघा. तरीही नाही, तर यूव्ही डाय. तेलात मिसळायची छोटी बाटली मिळते. निळा-जांभळा टॉर्च मारला की गळती पिवळट-हिरवी चमकते. अंधाऱ्या बेसमेंटचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही.

पायरी ५: वरून खाली, संशयितांची रांग

या क्रमाने तपासा. वरचा संशयित निर्दोष ठरल्याशिवाय खालच्याकडे जाऊ नका.

१. *ऑइल भरायचं झाकण.* आतलं रबर कडक झालं की झाकणाभोवती ओल येते. तेल ओतताना सांडलेलंही इथेच असतं. आधी नुसतं पुसून बघा.

२. *टॅपेट कव्हर पॅकिंग.* जुन्या गाडीत सर्वांत जास्त गळणारं हेच. उष्णतेने रबर चपटं आणि टणक होतं. मागचा कोपरा आधी गळतो, कारण तिथे हवा लागत नाही, आणि ते तेल थेट गिअरबॉक्सच्या सांध्यावर उतरतं. ‘क्लच साइड सील गेलं’ या निदानांत हे दुखणं बरंच लपलेलं असतं.

३. *स्पार्क प्लगच्या विहिरी.* कॉइल उपसून आत टॉर्च मारा. तळाशी तेल असेल तर प्लग ट्यूबची सील गेली. बाहेर थेंब नसतो, पण गाडी झटके देते.

४. *कॅमशाफ्टची सील.* फक्त टायमिंग बेल्टच्या गाड्यांत. तेल बेल्टच्या कव्हरमधून खाली येतं. बेल्टला तेल लागलं असेल तर बेल्टही बदलावा लागतो, तिथे काटकसर करू नका.

५. *ऑइल प्रेशर स्विच.* कनेक्टर ओढून काढा. आत तेल दिसलं की निकाल लागला.

६. *ऑइल फिल्टर.* गळती सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झाली असेल तर पहिला संशय याच्यावर आणि ड्रेन बोल्टवर. जुन्या फिल्टरची रबर रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला जातो. दोन रिंगा एकावर एक टिकत नाहीत. सुरुवातीला सगळं ठीक वाटतं, मग दाबाने रिंग सरकते आणि काही मिनिटांत सगळं तेल रस्त्यावर.

७. *टर्बोचे ऑइल पाइप.* डिझेल आणि टर्बो पेट्रोलमध्ये. परतीच्या पाइपच्या दोन्ही टोकांचे सांधे बघा.

८. *क्रँकचं पुढचं सील.* पुलीच्या मागे. फिरणारी पुली तेल गोल उडवते, त्यामुळे आजूबाजूला एका पातळीत शिंतोड्यांचा पट्टा दिसतो.

९. *चेंबर (इंजिनच्या तळाची तेलाची टाकी) आणि ड्रेन बोल्ट.* आपल्याकडचे सोसायट्यांचे हौशी गतिरोधक लक्षात घेता चेंबरला खालून खरचट किंवा पोचा आहे का, हात फिरवून बघा. मोठा पोचा असेल तर गळती नसली तरी चेंबर उतरवून तपासा. आत तेल ओढणाऱ्या जाळीचं तोंड चेंबरच्या तळापासून अगदी थोड्या अंतरावर असतं आणि पोच्याने ते दाबलं जाऊ शकतं.

१०. *क्लच साइडचं ऑइल सील.* इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याच्या तळातून तेल येतंय आणि वरचे नऊही कोरडे ठणठणीत आहेत, तरच. तेव्हाही वास घ्या. गंधकाचा वास आला तर ते गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील.

पायरी ६: पाना उचलण्याआधी पीसीव्ही तपासा

ही पायरी लहान आहे, पण ती गाळली म्हणून नवी पॅकिंग पुन्हा गळताना मी पाहिली आहेत. पिस्टनच्या कडेने थोडा वायू नेहमीच खाली चेंबरकडे उतरतो. त्याला बाहेर नेणारी वाट म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि त्याचा पाइप. ती मळीने बुजली की आत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या सीलमधून बाहेर ढकललं जातं. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी ओल दिसतेय? मग पॅकिंगच्या आधी हा व्हॉल्व्ह.

पेट्रोल गाडीत तपासणी सोपी. इंजिन जागेवर चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी धरा. शिंतोडे उडू शकतात, चेहरा लांब ठेवा. पिशवी हलकेच आत ओढली गेली तर ठीक. फुगून बाहेर ढकलली गेली तर वाट बुजलीय, किंवा रिंग-पिस्टनची झीज झालीय. व्हॉल्व्ह काढून हलवला की बऱ्याच गाड्यांत आतली गोटी खुळखुळते. खुळखुळत नसेल तर बदला. पार्ट स्वस्त असतो, साफ करत बसू नका. नव्या व्हॉल्व्हनंतरही पिशवी फुगतच असेल तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. त्या इंजिनची पॅकिंग बदलत राहणं म्हणजे फुटक्या माठाला वरून चुना फासणं.

पायरी ७: टॅपेट कव्हर पॅकिंग बदलणं

घरी होण्यासारखं आणि सर्वांत जास्त बिघडवलं जाणारं काम हे. पहिल्यांदा करत असाल तर अर्धा दिवस हाताशी ठेवा. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम.

१. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. प्रत्येक कनेक्टर, पाइप आणि क्लिपचा सुटायच्या आधी फोटो घ्या. कॉइलवर मार्करने १, २, ३ असे आकडे टाका.

२. आजूबाजूची धूळ आत्ताच पुसा. कव्हर उघडल्यावर ती सरळ कॅमशाफ्टवर पडते.

३. कॉइल काढा. प्लगच्या विहिरीत तेल असेल तर आधी कापडाच्या गुंडाळीने टिपून घ्या. प्लग आधी काढलात तर ते तेल सिलिंडरमध्ये जाईल.

४. ब्रीदर पाइप सोडवा. जुनं प्लॅस्टिक कडक झालेलं असतं, ओढू नका, आधी थोडं फिरवून मोकळं करा.

५. कव्हरचे बोल्ट बाहेरून आतल्या दिशेने, प्रत्येकी अर्धा-अर्धा फेरा असे सैल करा. एकदम एक पूर्ण काढून दुसऱ्याकडे गेलात तर कव्हर वाकडं होतं. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात. पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचा.

६. कव्हर चिकटलेलं असेल तर तळहाताने किंवा रबरी हातोडीने कडेला ठोका. स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उचकटू नका. एक ओरखडा पडला की तिथून कायमची गळती.

७. जुनं पॅकिंग काढा. ताजं रबर दाबलं की उठतं. हे जुनं बोटाने दाबलं तर दबत नाही आणि वाकवलं तर काडकन मोडतं. तुकडे मोजून घ्या. एखादा हेडमध्ये (कव्हरखालच्या इंजिनच्या भागात) पडला तर तो तिथेच शोधा, ‘जाईल कुठे’ म्हणू नका.

८. हेडचा काठ आणि कव्हरची खाच प्लॅस्टिक खरवडणीने आणि ब्रेक क्लीनर लावलेल्या कापडाने पुसा. स्प्रे थेट इंजिनमध्ये मारू नका. घासपेपर नको, त्याची रेती आत जाते. काठ पूर्ण कोरडा हवा: बोट फिरवलं की किरकिर वाटली पाहिजे.

९. नवं पॅकिंग खाचेत कोरडंच बसवा. प्लग ट्यूबची सील आणि बोल्टखालची रबरी वायसर याच वेळी बदला. जुनी वायसर चपटी झालेली असल्याने बोल्ट पूर्ण आवळूनही कव्हर दाबलं जात नाही.

१०. गॅस्केट मेकर, म्हणजे ट्यूबमधलं सिलिकॉन, फक्त जिथे टायमिंग कव्हर आणि हेडचा सांधा येतो त्या कोपऱ्यांवर आणि अर्धगोल कडांवर, वाटाण्याएवढं. ‘जरा जास्त लावलं तर बरं’ हा विचार महागात पडतो. आत दाबलेलं जादा सिलिकॉन सुटून चेंबरमध्ये जातं आणि तेल ओढणाऱ्या जाळीला चिकटतं. गळती थांबते, इंजिन जातं.

११. कव्हर सरळ वरून खाली ठेवा, सरकवू नका. सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा. मग मधून बाहेर, आलटून-पालटून, दोन-तीन फेऱ्यांत टॉर्क पान्याने आवळा.

टॉर्कचा आकडा तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो ८ ते ११ न्यूटन-मीटरच्या घरात असतो. १० न्यूटन-मीटर म्हणजे दहा सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण दहा किलोचा जोर. हे फार थोडं आहे आणि आपल्या हाताला ते पटत नाही. मी स्वतः पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा टॉर्क पाना नव्हता. सगळे बोल्ट छान बसले होते. शेवटच्या, फायरवॉलकडच्या बोल्टला ‘अजून एक पाव फेरा’ दिला. कट् असा बारीक आवाज आला आणि पाना एकदम हलका झाला. बोल्टचं डोकं गोटीत होतं, उरलेला बोल्ट हेडमध्ये. तो काढायला लागलेल्या पैशांत दोन टॉर्क पाने आले असते.

*तपासा:* कॉइल आकड्याप्रमाणे बसल्या? ब्रीदर पाइप जोडला? घेतलेल्या कापडांची संख्या जुळते? सिलिकॉन लावलं असेल तर ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ द्या. बहुतेक सिलिकॉन हवेतल्या दमटपणावर सुकतं, त्यामुळे एप्रिलच्या कोरड्या पुण्यात जुलैपेक्षा थोडा जास्त वेळ द्यावा. मी रात्रभर ठेवतो.

पायरी ८: बाकीच्या दुरुस्त्या

*ड्रेन बोल्ट.* तेल काढूनच करायचं काम, म्हणून पुढच्या ऑइल बदलाबरोबर उरका. वायसर दर वेळी नवा. बोल्ट पहिले तीन-चार फेरे हातानेच गेला पाहिजे. अडला तर उलटा फिरवून पुन्हा लावा. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे एकदा गेले की टेफ्लॉन टेपने ते परत येत नाहीत. नवे आटे पाडून इन्सर्ट बसवून घ्यावा लागतो.

*फिल्टर.* जुन्याची रबर रिंग जुन्यालाच आहे का, हे डोळ्यांनी बघा. नव्या रिंगला तेलाचं बोट लावा, रिंग टेकेपर्यंत फिरवा आणि पुढे साधारण पाऊण फेरा हातानेच. पान्याने फिल्टर काढतात, बसवत नाहीत.

*प्रेशर स्विच.* खोल गोटीने काढा. नव्याच्या आट्यांना सीलंटचा पातळ हात द्या. टोकाच्या छिद्रात सीलंट गेलं तर स्विच तेलाचा दाब वाचणार नाही.

*चेंबर.* बऱ्याच नव्या इंजिनांत इथे पॅकिंग नसतंच, फक्त सिलिकॉन. दोन्ही काठ निर्मळ करून सुमारे तीन मिलिमीटरची सलग धार, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. धार कुठेही तुटता कामा नये आणि ती सुकायच्या आत चेंबर बसला पाहिजे. तेल भरण्याआधी ट्यूबवरचा पूर्ण वेळ द्या. पाठीवर झोपून हे नीट होत नाही, लिफ्ट असलेल्या गॅरेजकडे द्या.

*कॅम आणि क्रँकची सील, टर्बोचे पाइप, क्लच साइड.* ही घरची कामं नव्हेत. पण गॅरेजला जाताना पावडरीतल्या रेघेचा फोटो आणि पुठ्ठा घेऊन जा. क्लच साइडसाठी गिअरबॉक्स उतरणार असेल तर मजुरीच मोठी असते, सील स्वस्त. म्हणून क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी बघून घ्या. काम झाल्यावर जुनं सील मागून घ्या. त्याची कड नखाने दाबून बघा, खरंच गेलं असेल तर टणक किंवा चिरलेली लागते.

दोन पळवाटाही इथेच निकालात काढतो. गळती थांबवणारी बाटली सीलचं रबर थोडं फुगवते. काही दिवस थेंब कमी होतो, पण फाटलेलं पॅकिंग ती जोडत नाही. दुसरी, ‘जाड तेल टाका’. ज्या इंजिनला ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सांगितलंय त्यात २०डब्ल्यू-५० घातलं तर सकाळी सुरू करताना वरपर्यंत तेल पोचायला उशीर होतो आणि झीज वाढते. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेलमध्ये तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या कमी राखेच्या तेलाशिवाय दुसरं काही नको, डीपीएफ राखेने भरतो.

पायरी ९: काम झाल्यावर

तेलाची पातळी बघा, मगच इंजिन सुरू करा. लाल दिवा काही क्षणांत विझला पाहिजे, नाही विझला तर बंद. पाच मिनिटं जागेवर चालवून टॉर्चने सांधा बघा. मग पुन्हा तोच घाट, पुन्हा तोच पुठ्ठा. गरम इंजिनवर ‘जरा अजून आवळून घेतो’ हा मोह टाळा.

पहिल्या एक-दोन दिवसांत हलका करपट वास येऊ शकतो, एक्झॉस्टवर आधी सांडलेलं तेल जळत असतं. त्यानंतरही आला तर बॉनेट उघडा. पुठ्ठ्यावर एखादा थेंब दिसला तर लगेच निराश होऊ नका; खाचाखोचांत अडकलेलं जुनं तेल असेल. पुसा, पावडर मारा आणि वरचा सांधा बघा. तो कोरडा असेल तर काम झालंय. आठवड्याने आणि मग साधारण हजार किलोमीटरला डिपस्टिकचा आकडा आधीच्या नोंदीशी ताडून बघा. खालचं प्लॅस्टिक कव्हर हे सगळं जुळल्यावरच परत लावा.

काढलेलं जुनं तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. सोसायटीच्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये ओतलेलं तेल नाल्यांतून मुठेत जातं. डब्यात भरून, झाकण लावून, जुनं तेल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या सर्व्हिस सेंटरला विचारून द्या. आणि पेव्हर ब्लॉकवरच्या डागावर लाकडाचा भुसा रात्रभर दाबून ठेवा, सकाळी झाडून डीग्रीझरने घासा. जुना डाग पूर्ण जात नाही. त्याच्या कडेने खडूने रेघ मारून ठेवा, म्हणजे नवा थेंब पडला तर तो कालचा की आजचा, हे सेक्रेटरींशी वाद न घालता कळेल.